आईचा सोरायसिस, मामेबहिणीचा एएनए आणि मावशीचे कोड: हे सगळे एकच दुखणे आहे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या आजोळच्या बाजूला तीन स्त्रियांना तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माझी आई ५९ वर्षांची आहे. गेली चौदा वर्षे तिला सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि मुख्यतः डोक्यात केसांच्या मुळाशी जाड, पांढरट खपल्यांचे चट्टे येतात. मलम लावले की ते बसतात, थंडीत पुन्हा उठतात, आणि आम्ही सर्वांनी त्या आजाराला घरातला जुना भाडेकरू मानून सोडून दिले होते. गेल्या वर्षीपासून मात्र सकाळी उठल्यावर तिला टाच जमिनीवर टेकवत नाही. अर्धा-पाऊण तास हालचाल केल्यावर ती हळूहळू मोकळी होते. हातांच्या बोटांचे अगदी टोकाकडचे सांधे सुजतात, आणि दिवाळीच्या सुमारास उजव्या पायाचे एक बोट मुळापासून टोकापर्यंत इतके सुजले की तिला चप्पल घालता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड थोडे वाढलेले पाहून गाउटच्या (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणाऱ्या दुखण्याच्या) गोळ्या दिल्या, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यावर ‘संधिवात नाही, वयोमानाने झीज झाली आहे’ असे सांगितले. सोरायसिसबद्दल आम्ही त्यांना सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. कातडीचा आजार कातडीच्या डॉक्टरांना सांगायचा, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

मामेबहीण २६ वर्षांची आहे. उन्हातून आल्यावर तिचे गाल लाल होतात म्हणून कोणीतरी तिला एएनए ही तपासणी करायला लावली. अहवालात ‘पॉझिटिव्ह, १:८०’ असे आले. तेव्हापासून ती रात्र रात्र ल्युपसविषयी, म्हणजे प्रतिकारशक्ती कातडी, सांधे, मूत्रपिंडे यांवर उलटते त्या आजाराविषयी, वाचत बसते. मावशीला तरुणपणापासून कोड आहे आणि दहा वर्षांपासून ती थायरॉइडची गोळी घेते.

हे तिन्ही आजार ऑटोइम्यून म्हणजे शरीराने स्वतःवरच उलटण्याचे आहेत, असे वाचनात आले. मग हा एकच आजार तीन ठिकाणी फुटला आहे का? आईचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे म्हणजे विषय संपला का? आणि मी ३४ वर्षांचा आहे, मला काहीही त्रास नाही. तरीही एका प्रयोगशाळेच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये संपूर्ण ‘ऑटोइम्यून प्रोफाइल’ करून घ्यावे का?

भिंगवाली

मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातून निवृत्त झाले आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही. पण आपण लिहिलेल्या वर्णनात असे काही तपशील आहेत, की ते वाचून गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत आधी आईंविषयी, कारण वेळेचा प्रश्न तिथे आहे. सोरायसिस असलेल्या रुग्णांपैकी काहींना सांध्यांचा सोरायसिस होतो. जगभरच्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण पाचांत एक असे दिसते, भारतीय पाहण्यांत ते त्याहून कमी आढळले आहे. बहुतेकांच्या बाबतीत आधी कातडीवर चट्टे येतात आणि मग कित्येक वर्षांनी, अनेकदा दहा-बारा वर्षांनी, सांधे धरतात. त्यामुळे चौदा वर्षे जुना चट्टा आणि वर्षभरापूर्वीची टाच यांची सांगड ना रुग्णाच्या डोक्यात बसते, ना घाईत असलेल्या डॉक्टरांच्या. डोक्यातला सोरायसिस, नितंबांमधल्या घडीतला सोरायसिस आणि नखांतला सोरायसिस असलेल्यांत सांध्यांचा धोका अधिक असतो, हेही लक्षात ठेवावे.

आता आरए फॅक्टरविषयी. ही तपासणी आमवातासाठी, म्हणजे रूमॅटॉइड संधिवातासाठी उपयोगाची आहे. सांध्यांच्या सोरायसिसमध्ये ती बहुधा निगेटिव्हच येते. किंबहुना ती निगेटिव्ह असणे हा त्या निदानाला पाठिंबा देणाऱ्या निकषांपैकी एक आहे. म्हणजे ज्या कागदामुळे आपल्याला ‘संधिवात नाही’ असे सांगण्यात आले, तोच कागद संधिवाततज्ज्ञाच्या टेबलावर उलट बाजूने वाचला जाईल. दोन्ही आजारांची ठेवणही निराळी आहे. आमवात बोटांच्या मुळाशी आणि मनगटात बसतो, दोन्ही हातांना सारखा धरतो. सोरायसिसचा संधिवात नखाला लागून असलेल्या टोकाच्या सांध्यात शिरतो, डावी-उजवी बाजू सारखी ठेवत नाही, आणि स्नायूंचे दोर हाडाला जिथे चिकटतात तिथे दाह निर्माण करतो. टाचेचे दुखणे तिथून येते. संपूर्ण बोट सुजून फुगणे हे तर त्याचे इतके ठसठशीत लक्षण आहे, की एखाद्या सोरायसिसच्या रुग्णाने तेवढे एकच सांगितले तरी मी त्याला त्याच आठवड्यात पुढे पाठवीत असे.

युरिक ॲसिडचेही समजून घ्या. निरोगी त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकले जाते. पेशींची ही धावपळ जिथे चालते तिथे पेशींच्या केंद्रकाचा कचराही जास्त निघतो, आणि युरिक ॲसिड हे त्या कचऱ्याचेच एक रूप आहे. त्यामुळे सोरायसिसच्या रुग्णांत ते थोडे वाढलेले असणे नवलाचे नाही. त्या आकड्यावरून गाउट ठरवता येत नाही. गाउट असूही शकतो, दोन्ही एकत्रही असू शकतात, पण टाच, टोकाचे सांधे आणि फुगलेले बोट या तिघांचा खुलासा एकट्या गाउटने होत नाही.

आज एक काम करा. आईंच्या हातापायांची नखे उजेडात नीट पाहा. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, नखाखाली तेलाच्या डागासारखा पिवळट-तपकिरी ठिपका, किंवा नख पुढून उचलले जाणे, यांपैकी काही दिसते का ते इथे लिहा. संधिवाततज्ज्ञाची वेळ मात्र त्या उत्तराची वाट न पाहता घ्या. निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांध्याचे हाड कुरतडले जाण्याची शक्यता वाढते, आणि कुरतडलेले हाड नंतर कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

खपली_गहू

मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. बारा वर्षे सोरायसिस आणि सहा वर्षे सांध्यांचा सोरायसिस. आपल्या आईंची हकीकत वाचताना माझीच फाइल वाचतो आहे असे वाटले, फक्त माझ्या बाबतीत टाचेऐवजी कंबर होती. रात्री झोपेत दुखून जाग यायची, आणि उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटायचे. कामाने दुखणारी कंबर विश्रांतीने थांबते आणि दाहाने दुखणारी कंबर हालचालीने थांबते, हा फरक मला सांगणारा माणूस भेटेपर्यंत तीन वर्षे गेली.

त्या तीन वर्षांत मी एक मोठी चूक केली. ती इथे लिहून ठेवतो. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी पुड्या मिळत असत. तिसऱ्या दिवशी चट्टे विरले, सांधे मोकळे झाले, आणि मी त्या माणसाचे गुणगान गावभर केले. दोन महिन्यांनी पुड्या संपल्या, पंधरा दिवसांत सर्व अंग लालबुंद झाले, कातडीचे पापुद्रे अंथरुणात गोळा होऊ लागले आणि थंडी वाजून मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुडीत स्टेरॉइड होते असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. पोटात घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद झाले की सोरायसिस असा उसळतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आईंना कोणी ‘सांध्यांसाठी’ बिननावाची गोळी देत असेल तर आधी ती काय आहे ते विचारा.

आता माझे मेथोट्रेक्सेट, म्हणजे चवताळलेली प्रतिकारशक्ती आवरणारे औषध, चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज नव्हे. आमच्या घरात कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल केलेला असतो आणि ती गोळी माझी पत्नी स्वतः हातात देते, कारण तिच्याबरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही लहान आणि पिवळीच आहे, आणि एकदा मी दोहोंची अदलाबदल करता करता थांबलो. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. आईंचे वय पाहता हे काम त्यांच्या एकट्यावर सोपवू नका.

काचपट्टी

मी विकृतिशास्त्र शाखेचा आहे आणि एएनएच्या काचपट्ट्या वाचणे हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून मामेबहिणीच्या अहवालाबद्दल लिहितो.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज). पारंपरिक पद्धतीत काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचे पातळ केलेले रक्तद्रव घालतात, वर चमकणारे रसायन लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक चमकते का ते पाहतात. १:८० याचा अर्थ रक्तद्रव ऐंशी पट पातळ करूनही चमक दिसली. १:६४० असते तर प्रतिपिंडे पुष्कळ अधिक आहेत असे म्हटले असते. आकडा मोठा दिसला की माणसे घाबरतात, म्हणून हे आधी सांगितले.

१९९७ साली अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांच्या रक्ताची हीच तपासणी केली. त्यांत १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के निरोगी माणसे पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे शंभर धडधाकट माणसांची रांग लावली तर त्यांतली तेरा माणसे आपल्या बहिणीचाच अहवाल हातात घेऊन घरी जातील. स्त्रियांमध्ये, वाढत्या वयात आणि ज्यांच्या घरात थायरॉइडसारखे आजार आहेत त्यांच्यात हे प्रमाण आणखी थोडे वाढते.

याचा अर्थ ही तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर एकदा तरी १:८० किंवा त्याहून अधिक असल्याशिवाय पुढचे गुण मोजायलाच घेत नाहीत. पण ती दाराची कडी आहे. दार उघडल्यावर आत कोणी आहे की नाही ते निराळ्या गोष्टींवर ठरते. निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते, पॉझिटिव्ह आली तर एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझी तक्रार आमच्याच धंद्याविषयी आहे. ज्या माणसाला कोणतेही लक्षण नाही त्याला ‘प्रोफाइल’च्या नावाखाली ही तपासणी विकायची, तेरा टक्क्यांना घाबरवायचे आणि मग त्या भीतीवर पुढची पॅकेजेस विकायची, हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. आपल्याला काही त्रास नसेल तर ते पैसे आईंच्या टॅक्सीसाठी ठेवा.

कृष्णाकाठ

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईची नखे बॅटरीच्या उजेडात पाहिली. दोन्ही हातांच्या मिळून सहा नखांवर सुई टोचल्यासारखे खड्डे आहेत, आणि पायाच्या ज्या बोटाला सूज आली होती त्याचे नख पुढून उचलले गेले आहे. ती ते बुरशी समजून लपवीत होती. पुढच्या शुक्रवारी संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

आणखी एक शंका आहे. आईला त्वचेच्या डॉक्टरांनी सकाळचे कोवळे ऊन घ्यायला सांगितले होते आणि तिला त्याचा फायदा होतो. ते पाहून मामीने मुलीलाही रोज गच्चीवर उन्हात बसवायला सुरुवात केली आहे. दोन्ही कातडीचेच आजार असल्याने हे चालेल ना?

भिंगवाली

मुलीचे ऊन आजच बंद करायला सांगा. निदान होईपर्यंत तरी तिने उन्हात बसू नये.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर याच उदाहरणात आहे. सोरायसिसमध्ये अतिनील किरण कातडीतील चवताळलेल्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) शांत करतात. म्हणून आम्ही ठरावीक तरंगलांबीचे किरण देऊन त्याचा उपचार करतो. बावचीच्या बियांत असतात त्या सोरॅलेन गटाचे औषध देऊन वर अतिनील किरण द्यायचे, ही सोरायसिसची पद्धत १९७४ पासून जगभर रूढ झाली, आणि कोडासाठी बावची व ऊन ही जोडी तर आपल्याकडे फार जुनी आहे. ल्युपसमध्ये नेमके उलटे घडते. ऊन लागले की कातडीतील पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातील द्रव्ये उघडी पडतात, आणि त्याच द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार असलेल्या शरीरात वणवा पेटतो. तो केवळ गालापुरता राहील असे नाही; काही रुग्णांत उन्हानंतर सांधे आणि मूत्रपिंडांचा आजारही उचल खातो. आईला जे औषध आहे तेच भाचीला विष ठरू शकते, ते याच कारणाने.

औषधांतही असाच पेच आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसच्या उपचाराचा कणा मानले जाते. तेच औषध आपल्याकडे सांधेदुखीसाठीही सढळ हाताने लिहिले जाते, आणि सोरायसिसच्या काही रुग्णांचे चट्टे त्याने भडकतात. म्हणून शुक्रवारी जाताना आईंच्या सोरायसिसची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा.

आता ‘एकच आजार तीन ठिकाणी’ या कल्पनेविषयी. मी त्यांना एका घरातली तीन निराळी माणसे म्हणेन. आडनाव सारखे आहे, स्वभाव सारखे नाहीत. कोडात प्रतिकारशक्तीच्या पेशी रंग तयार करणाऱ्या पेशींना ओळखून मारतात; कोडाच्या सुमारे १५ टक्के रुग्णांत थायरॉइडचा आजार आढळतो, आणि त्याचे मोठे कारण तिथेही असाच हल्ला चालू असतो हे आहे. त्यामुळे मावशींच्या दोन तक्रारी खरोखर सख्ख्या आहेत. ल्युपसमध्ये प्रतिपिंडे हे मुख्य हत्यार आहे. सोरायसिसचे घोडे मात्र इथे थोडे अडते. त्याचे निदान करून देईल असे एकही प्रतिपिंड सापडलेले नाही. टी-पेशी त्वचेतील एलएल ३७ सारख्या आपल्याच प्रथिनांवर चालून जातात असे पुरावे काही रुग्णांत मिळाले आहेत. पण कातडीची स्वतःची जन्मजात दाहयंत्रणाही त्यात तेवढीच गुंतलेली असते. म्हणून अनेक तज्ज्ञ त्याला निखळ ऑटोइम्यून न म्हणता ‘प्रतिकारसंस्थेच्या मध्यस्थीने होणारा दाहजन्य आजार’ असे लांबलचक नाव देतात. मलाही तेच बरोबर वाटते, जरी ते बाह्यरुग्ण विभागात उच्चारता उच्चारता पुढचा रुग्ण आत येतो.

हा शब्दच्छल नाही, याचे एक उदाहरण देते. इंटरल्यूकिन १७ हा दाहाचा निरोप पोहोचवणारा रेणू आहे. तो अडवणाऱ्या औषधाने सोरायसिसच्या रुग्णांची कातडी आश्चर्यकारक रीतीने स्वच्छ होते. क्रोन्स नावाचा आतड्यांचा दाह सोरायसिसच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, दोघांची आनुवंशिक मुळेही काही अंशी एक आहेत, म्हणून तेच औषध क्रोन्सला देऊन पाहिले गेले, तर उपयोग झालाच नाही, काहींचा आजार उलट वाढला. म्हणून आईंना पोटदुखी, वारंवार जुलाब, शौचातून रक्त किंवा डोळा लाल होऊन दुखणे यांपैकी काही होते का, हे डॉक्टर विचारतील तेव्हा ‘त्याचा इथे काय संबंध’ असे म्हणू नका.

बहिणीच्या गालांविषयी: गाल लाल होण्याची कारणे पुष्कळ आहेत. रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचारोग) असतो, कोंड्याच्या प्रकृतीचा दाह असतो, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये गोरेपणासाठी महिनोन्महिने लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने पातळ झालेली कातडीही उन्हात अशीच पेटते. असे मलम चिठ्ठीशिवाय सर्रास विकले जाई, म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या यादीत टाकली. तरी घरोघरच्या ड्रॉवरमध्ये ती सापडतातच. तिला हा प्रश्न आईवडिलांसमोर विचारू नका, एकटीला विचारा. ल्युपसचा चट्टा नाकावरून दोन्ही गालांवर पसरतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा सोडून देतो, आणि त्यात पुटकुळ्या नसतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो, म्हणून अनेकदा त्याला वांग समजून वर्षभर गोरे करणारी क्रीम लावली जाते.

ल्युपसचा एक प्रकार केवळ कातडीपुरता असतो. त्यात कानाच्या वाटीत, टाळूवर किंवा गालावर नाण्यासारखे चट्टे येतात, मध्ये पांढरे पडतात, कडेला काळी किनार राहते आणि केस कायमचे जातात. हा प्रकार ठरावीक जागीच असेल तर त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच पुढे सर्वांगाचा ल्युपस होतो. मधला पांढरा भाग पाहून त्याला कोड समजण्याची चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केलेली आहे. कोडात कातडी मऊ आणि सपाट राहते, इथे ती ओढल्यासारखी, व्रणासारखी होते. आपल्या घरात मावशींचे कोड आहे म्हणून हे मुद्दाम लिहिले. उद्या कोणी मुलीच्या चट्ट्याला ‘मावशीवर गेली’ असे म्हणून मोकळे होऊ नये.

काचपट्टी

भिंगवालीताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. बहिणीला सांधे सुजणे, तोंडात न दुखणारे व्रण, केस मुठीने गळणे, लघवीला फेस येणे, पायांवर सूज, खोल श्वास घेताना छातीत दुखणे, यांपैकी काही असेल, तर पुढची पायरी साधी आणि स्वस्त आहे: रक्तपेशींची मोजणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतील प्रथिने. लघवीची तपासणी कोणालाच प्रतिष्ठेची वाटत नाही, पण ल्युपसमध्ये मूत्रपिंडाचा दाह रुग्णाला काहीही न जाणवता सुरू होतो आणि त्याची पहिली खूण त्या बाटलीत असते. डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे) आणि सी ३, सी ४ (प्रतिकारसंस्थेची रक्तातली प्रथिने) या तपासण्या त्यानंतर. एएनए पुन्हा पुन्हा करू नये. आजार वाढला की घटला हे त्याच्या आकड्यावरून कळत नाही.

त्रिफळा

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. आपल्या परंपरेत त्वचारोगांना कुष्ठ या एकाच नावाखाली घेऊन त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत: सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतले एककुष्ठ माशाच्या खवल्यांसारखे असते असे चरकसंहितेत म्हटले आहे, आणि अनेक वैद्य त्याची तुलना सोरायसिसशी करतात. आतला दोष बाहेर कातडीवर उमटतो, ही दृष्टी आमच्याकडे पूर्वीपासूनच आहे. आईंना आहाराचे पथ्य आणि शोधनाचा, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीच्या उपचारांचा, विचार करता येईल असे मला वाटते.

भिंगवाली

दृष्टीबद्दल वाद नाही, नावाबद्दल आहे. अठरा निरनिराळ्या गोष्टींना एक नाव दिल्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’वरूनच आला, आणि मावशींसारख्या स्त्रियांची लग्ने त्या शब्दाने मोडली, जरी कोडाचा महारोगाशी काडीचा संबंध नाही. युरोपातही निराळे घडले नाही. तिथेही खपल्यांचे रुग्ण शतकानुशतके महारोग्यांत गणले गेले, आणि व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये सोरायसिस हा निराळा आजार म्हणून ठामपणे वेगळा काढला. वेगळे काढल्यानेच उपचार सापडले.

पथ्याबद्दल माझा अनुभव सांगते: वजन कमी झाले, तंबाखू आणि दारू सुटली, तर सोरायसिस निश्चित सौम्य होतो आणि औषधेही अधिक लागू पडतात. सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक असते, म्हणून आईंची साखर आणि रक्तदाबही पाहून घ्यावा. शोधनाला मी नाही म्हणणार नाही, पण ते सांध्याची सोनोग्राफी किंवा एक्स-रे होऊन संधिवाततज्ज्ञांचे मत आल्यानंतर आणि त्यांना सांगून करावे. मधे वेळ जाऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

त्रिफळा

मान्य. सूज असलेल्या सांध्यावर मीही आधी त्यांच्याकडेच पाठवीन. गहू, दही बंद करून बोट बरे झाल्याचे मी पाहिलेले नाही.

काचपट्टी

गव्हाचा विषय निघाला म्हणून एक अवांतर. गहू बंद केल्याने खरोखर बरा होणारा एक त्वचारोग आहे, त्याचे नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. कोपर, गुडघे आणि नितंबांवर अतिशय खाजणारे बारीक फोड येतात. १८८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या डुरिंग यांनी त्याचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक दशकांनी कळले की तो सिलिॲक या आतड्यांच्या ऑटोइम्यून आजाराचाच कातडीवरचा चेहरा आहे. रुग्णाला पोटाची तक्रार नसली तरी आतड्याचा तुकडा तपासला की दोष दिसतो. कातडी आतल्या आजाराची बातमी देते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. मात्र त्यावरून प्रत्येक खाजेला गहू सोडायला लावणे म्हणजे पुन्हा अठरांना एक नाव देणे.

आणि मेथोट्रेक्सेटचा उल्लेख झाला आहे म्हणून हेही. १९५१ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या रुग्णांना ॲमिनोप्टेरिन हे कर्करोगाचे औषध देऊन पाहताना, त्यांतल्या एकाच्या अंगावरचा सोरायसिस अनपेक्षितपणे विरला. ज्यांच्या चमूने ते औषध तयार केले ते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते १९४८ मध्येच वारले होते. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचे धाकटे भावंड.

कृष्णाकाठ

मामेबहिणीशी एकटीशी बोललो. तिने दोन वर्षे एक मलम लावल्याचे मान्य केले, नळीचे छायाचित्रही पाठवले. सांधेदुखी, तोंडातले व्रण, केस गळणे यांपैकी काही नाही. ऊन बंद केले आहे. ती सोमवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाईल आणि लघवीची तपासणी करून घेईल. मलम आपणहून एकदम बंद करावे का, असे ती विचारते.

माझे पॅकेज रद्द केले.

भिंगवाली

सोमवारपर्यंत तिने मलमात काहीही बदल करू नये आणि नळी सोबत न्यावी. दोन वर्षांनंतर एकदम थांबवल्यास चेहरा काही आठवडे भडकतो आणि मुली घाबरून पुन्हा तेच लावू लागतात. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतील. आईंच्या बाबतीत पुढे बायॉलॉजिक इंजेक्शनांचा (दाहाचा एखादा ठरावीक रेणू अडवणाऱ्या औषधांचा) विषय निघाला, तर त्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी मागतील. आपल्या देशात कित्येकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू निजलेले असतात आणि यांतली काही औषधे, विशेषतः टीएनएफ हा दाहाचा रेणू अडवणारी, त्यांना जागे करतात. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर ते आठवून ठेवा.

खपली_गहू

शुक्रवारसाठी एक सूचना. आईंचे बोट आता उतरले असेल तर दिवाळीतल्या छायाचित्रांत त्यांचे पाय दिसतात का ते शोधा. डॉक्टरांसमोर गेले की सूज नेमकी त्याच दिवशी नसते. मी स्वतः तीन वेळा साधे सरळ बोट दाखवून परत आलो आहे. आणि नेलपॉलिश काढून न्या.

कृष्णाकाठ

पाडव्याच्या ओवाळणीचे एक छायाचित्र सापडले. चप्पल एकाच पायात आहे.